डाव्या दारातले दाणे

संपादकांस,

आपल्या मासिकाच्या या सदरात वाचक बहुधा निर्जन वाटेवर भेटलेल्या बायका आणि आपोआप विझणारे दिवे यांविषयी लिहितात. मी ते वाचतो आणि पान उलटतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही नाही. तरीही लिहितो आहे, कारण अडतीस वर्षे मोटारी दुरुस्त करून एक आवाज मला सापडला नाही. तो का सापडला नाही, हे कोणी सांगू शकेल तर सांगावे. मात्र घाबरवण्याच्या फंदात कोणी पडू नये.

जव्हार संस्थान विलीन होण्यापूर्वीची ही हकीकत आहे. संस्थानच्या मोटारखान्यात मी ड्रायव्हर होतो आणि मिस्त्रीही. दवाखान्याची जुनी गाडी माझ्या ताब्यात होती – विलायती, चार दारांची, कापडी टपाची. राजवाड्यातून उतरून ती दवाखान्याकडे आली तेव्हाच तिचे चांगले दिवस संपले होते. पण तिचे एंजिन मी स्वतः उघडून बांधले होते, आणि मी बांधलेले एंजिन खडखडत नसे.

त्या वर्षी होळीच्या सुमारास मागच्या डाव्या बाजूने आवाज येऊ लागला.

सैल बोल्टचा आवाज धातूचा असतो. हा तसा नव्हता. कोरडा, हलका – सुपात तांदूळ हलवावेत तसा. तीनदा खळखळे, थांबे, आणि थांबल्यावर बारीकशी सळसळ मागे रेंगाळे. खड्ड्यांशी त्याचा संबंध नव्हता, वेगाशीही नव्हता.

हा आवाज मी ओळखत होतो. कसा, ते सांगितल्याखेरीज पुढचे कळणार नाही.

माझे वडील सूर्यमाळच्या डोंगरावरील एका पाड्यात भगत होते. आजारी माणूस आला की ते सुपात मूठभर तांदूळ घेत, प्रश्न विचारीत, सूप तीनदा हलवीत आणि थांबवीत. दाणे तत्काळ गप्प झाले तर उत्तर ‘होय’. सूप थांबल्यावरही सळसळत राहिले तर ‘नाही’. मी नऊ वर्षांचा असताना माझी आई बाळंतपणानंतर तापाने फणफणली. तिला जव्हारच्या दवाखान्यात न्यावे काय, असे वडिलांनी दाण्यांना विचारले. दाणे सळसळत राहिले. आई घरीच वारली. माझी बहीण काशी तेव्हा बारा दिवसांची होती. पुढे मी घर सोडले, मुंबईस एका मोटार-कारखान्यात काम शिकलो आणि जव्हारला नोकरीस लागलो. वडिलांशी कामापुरते बोलत असे.

तेव्हा तो आवाज मला किती आवडला असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

मी पद्धतशीर शोध घेतला. मडगार्डचे बोल्ट आवळले. स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिना बदलल्या. दाराखालची पायफळी काढून पुन्हा बसवली. एका माणसास गाडी चालवावयास सांगून मी मागे आडवा झालो आणि लाकडी दांडा कानास लावून एकेक भाग ऐकला. आवाज डाव्या मागच्या दारातून येत होता. दाराचे आतले अस्तर सोडवले, तेव्हा तळाशी पाच-सहा तांदूळ सापडले.

मला समाधान वाटले. पूर्वी या गाडीतून राजवाड्याच्या कोठीचे धान्य नेत असत. एखादे पोते फाटले असेल. दाणे झाडून काढले, रॉकेलच्या फडक्याने आतून दार पुसले, अस्तर पुन्हा ठोकले.

दुसऱ्या दिवशी आवाज पुन्हा आला.

दवाखान्यातील कंपाउंडर मोठा चेष्टेखोर. “काय मिस्त्री, आज गाडीने किती पायल्या पाखडल्या?” असे तो रोज विचारी. पण दाभोशाचा एक म्हातारा रुग्ण गाडीत बसला, आवाज ऐकला आणि खाली उतरून काठी टेकीत पायी निघाला, तेव्हा कंपाउंडरही हसला नाही. गोष्ट संस्थानच्या कारभाऱ्यांपर्यंत गेली.

“एक नारळ फोडा आणि मोकळे व्हा,” ते म्हणाले.

“साहेब, नारळाने बोल्ट आवळला जात नाही.”

“मग रुग्ण पायी आणणार काय?”

मी नारळ फोडला नाही.

चैत्र संपता संपता निरोप आला. काशी, आता सतरा वर्षांची, दोन दिवस बाळंतपणात अडली होती. तिला झोळीत घालून सूर्यमाळहून मोखाड्यापर्यंत उतरवीत होते; पुढे जव्हारपर्यंत चौदा-पंधरा मैल. मोखाडा इंग्रजी हद्दीत, तेथे संस्थानची गाडी नेण्यास कारभाऱ्यांची परवानगी लागे. ती मी नंतर मागितली.

मोखाड्यात पोहोचलो तेव्हा दुपार कलू लागली होती. काशीचा नवरा रामा झोळीपाशी बसला होता. शेजारी माझे वडील, काखेत सूप.

रामा मला बाजूला घेऊन म्हणाला, “म्हाताऱ्यानं दाणे पाह्यले. नको म्हणले. मी आयकलं नाय, उचलली आन् आणली. दादा, मी चुकलो का रं?”

“नाही,” मी म्हणालो. मग वडिलांकडे वळलो. “बा, यायचे तर ये. सूप येणार नाही.”

त्यांनी सूप एका ओट्यावर ठेवले आणि ते पुढच्या सीटवर बसले. रामा मागे बसला, काशीचे डोके मांडीवर घेऊन.

अर्ध्या वाटेवर, चढणीवर रेडिएटर उकळला. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडता येत नाही, थांबावे लागते. मी एंजिन बंद केले. पाड्यावरून आणलेली पाण्याची एक कळशी होती, आणि त्या दिवसांत सूर्यमाळला कळशीभर पाण्यासाठी बायका कोसभर उतरत. निम्मे पाणी काशीसाठी ठेवले, निम्मे रेडिएटरसाठी. तिला वारा लागावा म्हणून मी डावे मागचे दार उघडले आणि धरून उभा राहिलो. वारा नव्हताच. पानही हलत नव्हते.

तेव्हा तो आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा. मग थांबला. मग ती सळसळ... लांब, लांबतच गेलेली.

गाडी उभी होती. एंजिन बंद होते. दार माझ्या हातात होते आणि ते थरथरत नव्हते. आवाज मात्र त्यातूनच आला.

वडिलांनी मान वळवली. “आयकलंस?”

“ऐकले.”

“नाय म्हणतात. माघारी फिरव. घरी तरी मरंल पोर.”

रामाचा चेहरा उतरला. “दादा... गाडी बी तेच म्हणते, तर—”

काशीने डोळे उघडले. “तुमी तिघं दाणे आयकत बसा. मी मरते हितं.” तिला कळ आली. ती ओसरल्यावर म्हणाली, “दादा, तुजी गाडी लई बोलते रं. तिला सांग, आज वरडायची पाळी माजी हाय.”

मी दार आपटून लावले. झाकणावर फडके टाकले, ते उघडले, पाणी ओतले. हँडल मारून एंजिन चालू केले आणि मान वर केली, तो वडील गाडीपुढे रस्त्यात उभे.

“बा, बाजूला हो.”

“तुज्या आयच्या वक्ताला मी आयकलं होतं दाण्यांचं.”

“तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आता नाही.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग येऊन जागेवर बसले. उरलेल्या सगळ्या वाटेने दार ‘नाही’ म्हणत राहिले. मी गाडी एकदाही थांबवली नाही.

उन्हे उतरण्याच्या सुमारास जव्हारच्या दवाखान्यात काशीस मुलगी झाली. दोघी सुखरूप.

वडील दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. मी सांगितले. त्यांनी हाताचे पंजे पाहिले. मग म्हणाले, “म्हणजे दाणे खोटं बोलले.” थोड्या वेळाने म्हणाले, “मग तुज्या आयच्या वक्ताला बी...”

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकावे म्हणून मी सतरा वर्षे थांबलो होतो. ऐकले तेव्हा मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणले.

परतताना त्यांनी ओट्यावरून सूप नेले. पुढे त्या सुपात तांदूळ फक्त पाखडले गेले. कारभाऱ्यांनी मला महिनाभर गाडीवरून उतरवले; ते नियमाला धरून होते.

तापलेले लोखंड निवताना आवाज करते, असे मला जाणत्या लोकांनी सांगितले आहे. ते टिकटिकते. तो आवाज मी जन्मभर ऐकला, तो हा नव्हे. आवाज माझ्या मनातला होता म्हणावे, तर रामाने ऐकला, काशीनेही ऐकला. संस्थान विलीन झाल्यावर गाडी मोडीत निघाली, तेव्हा ते दार मी छिन्नीने चिरले. आत गंज होता, आणि माझ्या रॉकेलच्या फडक्याचा डाग. दुसरे काहीही नव्हते. तोवरची सगळी वर्षे ते खळखळत होते.

काशी आज नातवंडांत आहे. त्या दिवशी जन्मलेली तिची मुलगी मोखाड्यात शिक्षिका आहे.

तो आवाज कोठून येत होता, हे मला माहीत नाही. मरेपर्यंत कळेल असेही वाटत नाही. पण भगताचा मुलगा असल्याने तो काय म्हणत होता, ते मला स्वच्छ कळत होते. ते चूक होते. तेव्हाही, आणि त्याच्या सतरा वर्षे आधीही.