काकांची शेती आणि काकूचं फुटकळ

आमचे काका शेतकरी आहेत, असं ते स्वतः सांगतात. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. हात पाठीमागे बांधून बांधावर उभं राहायचं आणि आभाळाकडे असं बघायचं, की आभाळानं खाली येऊन खुलासा करावा, एवढं त्यांचं काम. वर्षातून एकदा गहू होतो. पेरतो ट्रॅक्टरवाला, कापतं यंत्र. मधल्या काळात काका दमतात.

या गव्हाला ते 'शेती' म्हणतात. घरामागच्या पट्ट्यात काकूनं राखलेल्या दोन शेळ्या, वीसेक कोंबड्या, वांगी, पालक, घेवडा, या सगळ्याला त्यांचा एकच शब्द : 'फुटकळ'. ताटात सापडलेला केस चिमटीत धरून बाजूला ठेवावा, तसा ते हा शब्द उच्चारतात.

यंदा त्यांच्या मनात आलं, की फुटकळ नांगरून तिथंही गहू पेरायचा.

"शनिवारी ट्रॅक्टर येतोय. तोवर पट्टा मोकळा हवा."

काकूचा सगळा जीव त्या पट्ट्यात. म्हटलं, आता घरात महायुद्ध. पण ती एवढंच म्हणाली, "सगळं फुटकळ काढायचं ना?"

"सगळं!"

बुधवारीच तिनं शेळ्या-कोंबड्या बहिणीकडे पोचवल्या. तयार भाजी उतरवून तीही देऊन टाकली. गेल्या साली पिकलेला गहू केव्हाच संपला होता. घरातलं पीठसुद्धा अंड्यांच्या बदल्यात यायचं. ही बातमी बांधापर्यंत पोचली नव्हती.

गुरुवारी काकांपुढे कोरा चहा आला.

"दूध?"

"ते फुटकळ होतं."

"निदान अंडं?"

"तेही."

"अगं, मग जेवायचं काय?"

"गहू. पेरला की उगवेल, उगवला की कापू, कापला की जेवू. एवढी शेती आहे तुमची, घाबरताय कशाला?"

दोन दिवस पातळ पेज पिऊन काका बांधावर उभे राहिले. मान वर होईना, म्हणून जमिनीकडेच बघत होते.

शनिवारी ट्रॅक्टरवाला आला, कोरा चहा बघून थबकला.

"हे काय हो? काकूच्या हातचं ऑम्लेट मिळतं, म्हणून तर दरवर्षी तुमचं रान आधी धरतो मी!"

काकांचं तोंड उतरलं. पण तेवढ्यानं खजील होतील तर ते काका कसले! घसा खाकरून म्हणाले, "मी विचार केलाय. पट्टा राहू दे. शेतीला फुटकळाची जोड लागते." जणू शोध त्यांचाच!

"बरं झालं सुचलं तुम्हांला," काकू म्हणाली आणि ट्रॅक्टरवाल्याकडे वळली. "दादा, गव्हाच्या रानातली इकडची दहा पावलंही सोडा. फुटकळ वाढतंय."

त्यानं मालकाकडे बघितलंसुद्धा नाही.

दुपारी शेळ्या परत आल्या. काका बांधावर हात पाठीमागे बांधून आभाळ तपासत होते. ते काही हलले नाहीत. शेळ्याच बिचाऱ्या वळसा घालून कामाला गेल्या.