माझा खोकला आणि सात माकडं

मानोऱ्याच्या रस्त्यावर आमचं वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे. प्राणिसंग्रहालय म्हणावं एवढं काही मोठं नाही. पाच पिंजरे, एक कोठी आणि राखणदार म्हणून मी. मागच्या वर्षी मदाऱ्याकडून सोडवलेली सात लालतोंडी माकडं आमच्याकडे आली. मार खाल्लेली, माणसाच्या हातचं काही खाईनात. मग मी शक्कल काढली. केळं त्यांच्यासमोर सोलायचं, पहिला घास आपण खायचा, उरलेलं पुढं करायचं. मी चावलेलं पाहिलं की ती बिनघोर खायची. ही करामत बघायला इंझोरीहून पाहुणे आले की मी तो घास जरा जास्तच सावकाश चावायचो.

माघात मला सर्दी-खोकला झाला. बायको म्हणाली, चार रोज घरी पडा. मी म्हटलं, माझ्या उष्ट्याशिवाय माकडं उपाशी मरतील. गेलो तसाच. कुणाला पत्ता लागू नये म्हणून खोकला आला की कोठीत जाऊन खोकून यायचो.

चौथ्या दिवशी पिंजरा शिंकायला लागला. मी ओव्याची धुरी दिली, तर शिंकांच्या जोडीला खोकलाही आला. पिल्लूवाल्या माकडिणीला धाप लागली. तिच्या पोटाला चिकटलेलं महिन्याभराचं पिल्लू दूध सोडून नुसतं डोळे मिटून बसू लागलं. तेव्हा कुठे घाबरून मी डॉक्टरीणबाईंना फोन केला.

त्या आल्या तेव्हा मी तोंडाला दुपट्टा गुंडाळून तयार होतो. माकडांचा रोग आपल्याला लागू नये म्हणून. आरोपींची यादीही तयार होती. शेजारच्या तुरीवरची फवारणी, टाकीतलं पाणी, पाहुण्यांनी फेकलेला चिवडा. फवारणीचा मुद्दा रंगात आला आणि मला खोकल्याची उबळ आली.

"काका, हा खोकला कधीपासून?"

"सहा रोज झाले असतीन."

"आणि ह्यांचा?"

"दोन-तीन."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या अर्धवट खाल्लेल्या केळ्याकडे. ते केळं कुठं लपवावं हे मला कळेना. माणसाची साधी सर्दी माकडांच्या छातीत उतरते, जिवावर बेतते, असं त्यांनी नंतर समजावून सांगितलं. मला पिंजराबंदी झाली.

पण बाईंनी औषध भरलेली केळी ठेवली तर एकही माकड हात लावीना. सगळी माना वळवून फाटकाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत. दुपार कलली. माकडिणीच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

"औषध पोटात गेलं नाही तर ही उद्याचा दिवस बघणार नाही," बाई म्हणाल्या. "मग पिल्लूही गेलंच."

कोठीला पिंजऱ्याकडे उघडणारी काचेची खिडकी आहे. मी म्हटलं, "म्याडम, मले कोठीत कोंडा. मी काचेमागून खातो, तुमी तिकडं ठेवा. त्यायले मी खाताना दिसलो म्हंजे झालं."

बाईंनी खिडकी घट्ट लावून घेतली आणि दाराला बाहेरून कडी घातली. माझ्यावर विश्वास राहिला नव्हता, आणि ते बरोबरच होतं. मी काचेला नाक लावून केळं सोललं आणि घास घेतला. माकडिणीनं माझ्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, केळं हुंगलं. मी दुसरा घास घेतला. तिनं पहिला घेतला.

एकीचं बघून बाकीची खातील, तर नाव नको. प्रत्येकाला माझं वेगळं केळं लागे. सकाळी सात, संध्याकाळी सात. आठवड्यानं बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "माकडं रोडली अन् तुमी काहून फुगून राह्यले?"

नवव्या दिवशी सकाळी मी काचेमागे केळं सोलत होतो. पिंजऱ्यात कुणी खोकत नव्हतं. माकडीण स्वस्थ बसून ताटलीतलं खात होती. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. आणि पिल्लू डोळे टक्क उघडे ठेवून, दोन्ही मुठींनी आईची लव धरून, चुटूचुटू दूध पीत होतं. बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्याकडे वळून सात बोटं वर केली. मी कोठीत नाचलो. केळ्याच्या सालीवरून घसरून पडलो, उठलो आणि पुन्हा नाचलो.