'साफ' म्हणजे काय साफ?

लातूरचा फोन एंगेज लागत होता. पुन्हा लावला, तरी एंगेज.

उदगीरच्या आमच्या स्कॅन सेंटरमधून एका मास्तरांच्या डोक्याचा सीटी स्कॅन लातूरच्या सर्व्हरवर आला होता. मास्तर मोटरसायकलवरून पडले होते. ॲम्ब्युलन्स त्यांना घेऊन नांदेडला, आमच्या हॉस्पिटलकडे निघाली होती आणि इथं सर्जन चित्रांची वाट बघत होते. स्कॅन होताच उदगीरला लाइट गेली, तिथलं मशीन अजून उठलं नव्हतं. म्हणजे चित्रं फक्त लातूरला. ती माझ्याकडे येत होती, पण लाइन इतकी हळू की निम्मीच आली होती.

नेमकी तेव्हाच मी आमच्या साहेबांची नवी फाइल वाचायला घेतली.

थोडं समजावतो. संस्थेचे सर्व्हर मी सांभाळतो. सर्व्हरवर काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करावे लागतात. ते ऐकणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. शेल ज्याला त्याला आपल्यापुरतं लावून घेता येतं. लांबलचक हुकुमाला छोटं नाव देता येतं, त्याला एलियस म्हणतात. ही नावं एका फाइलीत लिहितात. लॉगिन केलं की शेल आधी ती फाइल वरून खाली वाचतं.

साहेबांना हे ज्याचं त्याचं वेगळेपण खुपायचं. 'एक संस्था, एक पडदा' असं परिपत्रक निघालं आणि त्या दिवशी सगळ्या शाखांत एकच फाइल बसवायची होती. आता पडद्यावर प्रत्येक ओळीच्या आधी संस्थेचं पूर्ण नाव, बोधवाक्य आणि साहेबांच्या शुभेच्छा. हुकुमाला जागा उरली तर उरली. हसत खाली सरकलो आणि थांबलो. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी साहेबांनी सोपे शब्दही घातले होते. 'साफ' टाइप केलं की आलेल्या चित्रांचं फोल्डर, काहीही न विचारता, रिकामं.

लातूरच्या ऑपरेटर सुनंदाताई कैक वर्षं 'साफ' टाइप करतात. त्यांच्या शेलमध्ये त्याचा अर्थ एवढाच, की पडद्यावरची जुनी अक्षरं पुसायची. फोनवर बोलतानासुद्धा त्यांची बोटं तेच टाइप करत असतात.

त्यांना लावलेला फोन एंगेज, म्हणून इथूनच लातूरच्या सर्व्हरवर शिरायला बघितलं. लाइन चित्रं ओढण्यातच दमलेली, लॉगिन होईना. साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, तो 'साफ' काढावा लागेल."

"का? अस्सल आपल्याकडचा शब्द आहे."

"म्हणूनच. सुनंदाताईंनी तो आधीच दुसऱ्या कामाला लावलाय."

"मग त्यांनी सवय बदलावी. परिपत्रक पोचलं नाही का?"

"साहेब, ते उदगीरचे मास्तर..."

"तुम्ही बसा. पाणी घ्या."

बसलो नाही. बाहेर येऊन फोन लावला. या वेळी लागला.

"ताई, कीबोर्डवरचा हात काढा!"

"अगं बाई! काय झालं सर? करंट येऊन राहिला का?"

"आज 'साफ' टाइप केलं का?"

"हाव. आत्ताच केलं की. सकाळपासून लई बार झालं असंल."

फोन कानालाच धरून पडद्याकडे बघितलं. चित्रं येतच होती. रिकाम्या फोल्डरातून काही येत नसतं.

"ताई, नवी फाइल बसवली नाही का?"

"बसवली की! पण त्याच्याखाली आपल्या जुन्या ओळी परत चिकटवल्या. ते लग्नपत्रिकेवानी नाव कोण वाचत बसंल? हुकूमच दिसत न्हाई. साहेबाला सांगू नका बरं."

एकाच नावाचे दोन अर्थ फाइलीत आले, तर शेल खालचा धरतं. साहेबांचा अर्थ वर होता, ताईंचा खाली.

चित्रं मास्तरांच्या आधी पोचली. सर्जननी ती बघून ठेवली आणि मास्तरांना थेट ऑपरेशनला घेतलं. मास्तर वाचले. परत शाळेत जातात, फक्त आता मोटरसायकल मुलगा चालवतो.

साहेबांना मात्र सांगावंच लागलं, कारण बाकी शाखांतला 'साफ' काढायला त्यांची सही हवी होती. सही मिळाली. सोबत ताईंना मेमोही गेला, की संस्थेच्या फाइलीत परस्पर बदल का केला, याचा लेखी खुलासा करावा. ताईंनी एका ओळीत केला: "पडदा साफ करायचा होता."

तेव्हापासून कुणाच्या शेलला हात लावण्याआधी मी त्याच्या शेजारी बसून चहा पितो आणि त्याची बोटं काय टाइप करतात ते बघतो. परिपत्रक त्यानंतर काढलं तरी चालतं. न काढलं तरी.