आतोबांची शिसवी खुर्ची

दुसऱ्याने टाकलेली वस्तू दिसली आणि आमचे आतोबा सरळ पुढे निघून गेले, असे ठाण्यात कोणी सांगितले असते तर त्या माणसाला लोकांनी वेड्यात काढले असते. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नोकरीच्या निमित्ताने मी त्यांच्याकडे राहत होतो आणि कचेरीत आम्ही दोघे बरोबरच जात असू. म्हणजे निघत बरोबर असू. वाटेत आतोबा कुठे वाकतील याचा नेम नसे. नारळ पारखावा तशी ते प्रत्येक वस्तू आधी बोटाने वाजवून, कान देऊन ऐकत, आणि "जीव आहे हिच्यात" असा निकाल देऊन काखोटीला मारत. एकदा त्यांनी बैलगाडीचे एकच चाक घरंगळवत घरी आणले. आत्याने कपाळाला हात लावला. "अहो, या एका चाकाचं काय करायचं?" आतोबा शांतपणे म्हणाले, "चाक मिळालं, आता गाडीही मिळेल." गाडी काही मिळाली नाही. चाकावर आत्या पापड वाळत घालू लागली आणि आतोबांना आपले म्हणणे खरे झाल्यासारखे वाटू लागले.

त्यांच्या मातोश्रींचे सोवळे गावभर प्रसिद्ध होते. आगगाडीचा धूर लागला म्हणून त्यांनी विहिरीचा नवा दोर बदलायला लावला होता. पण एका साली दम्याने त्यांना अगदी बेजार केले. आडवे झाले की छाती भरून येई. वळकटीला टेकावे तर वळकटी सरके. काढे झाले, चाटणे झाली, वैद्यबुवांनी शेवटी "झोप मिळाली तरच निभावेल" असे सांगून हात टेकले. आतोबांचे जेवणावरचे लक्ष उडाले. रस्त्यात पडलेला खिळासुद्धा ते ओलांडून जाऊ लागले, तेव्हा मात्र मला भीती वाटली.

अशात एका साहेबाची बदली झाली आणि त्याच्या बंगल्याबाहेर रस्त्यावर मोडकेतोडके सामान येऊन पडले. त्यात एक उंच पाठीची, हातांची, शिसवी खुर्ची होती. एक पाय मोडलेला, आणि बैठकीच्या मधोमध चांगले परातीएवढे गोल भोक. आतोबांनी ती वाजवली, कान दिला, आणि पगडीसकट डोक्यावर घेतली. ज्या घरात पाटाखेरीज बसायला काही नव्हते तिथे खुर्ची आली! आत्या म्हणाली, "आणि हे भोक कशाला?" आतोबांकडे उत्तर तयार होते. "साहेबाला उकडतं गं. खालून वारा लागायला नको?" आम्हा सर्वांना ते पटले. आतोबांनी जुन्या चौरंगाचा पाय तिला जोडला, पाट कापून भोक बुजवले, वर काथ्याची वीण घातली, जवसाचे तेल जिरवून लाकूड आरशासारखे केले. मातोश्रींनी गोमूत्र शिंपडून घेतले, खुर्चीकडे बराच वेळ पाहिले आणि बसल्या. जेवणे उरकून आत्या येते तो त्यांची मान कलंडलेली. आत्याने घाबरून नाकाशी बोट धरले. मातोश्री घोरत होत्या! त्या दिवसापासून त्या सुधारत गेल्या.

मग कल्याणहून आतोबांचे चुलतभाऊ आले. ते साहेबलोकांच्या घरी कोठीवर कामाला होते. मातोश्री देवघरात होत्या. खुर्ची पाहताच भाऊ पोट धरून हसू लागले. "अरे, ही कुठून आणलीस? हिच्याखाली भांडं ठेवतात! साहेब सकाळी परसाकडेला हिच्यावरच बसतो!"

आतोबा पांढरेफटक पडले. "हळू बोल रे दादा," ते हात जोडून म्हणाले, "आईला कळलं तर ती मेली तरी हिच्यावर बसायची नाही. आडवी झाली तर जगायची नाही रे." पण काठीचा आवाज तोवर ओसरीपर्यंत आलाच होता. मातोश्री दारात उभ्या होत्या.

"बसायच्या जागी भोक कशाला असतं, हे मला कळत नाही होय?" त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी कळलं मला. देवाला विचारलं, बसू का? तो काही बोलला नाही. मग मी झोपले." आणि खुर्चीत बसता बसता भाऊंना म्हणाल्या, "सुनेला मात्र सांगू नकोस. तिला किळस यायची." आत्या शेजारीच उभी होती.

हसावे की रडावे ते कोणालाच कळेना. थोड्या वेळाने मी बाहेर आलो तेव्हा आतोबा पायरीवर बसले होते. आतून मातोश्रींचे घोरणे ऐकू येत होते. आतोबा उपरण्याने डोळे पुशीत म्हणाले, "ऐक, ऐक. कुठे अडत नाही बघ श्वास." मी त्यांच्याशेजारी बसून ऐकत राहिलो. आता ती दोघेही नाहीत. पण कोणी सुखाने घोरताना ऐकले की अजून माझ्या जिवाला बरे वाटते, आणि शेजारी आतोबा नाहीत याचे वाईटही वाटते.