द्वारकावयनीच्या कपाळावरचा रुपया

माह्या दादाले, चंपतले, माह्या माहेरी मावल्यात सारे नाण्यावाला म्हनतात. किराण्याचं दुकान होतं त्याचं, पन जीव गल्ल्यात नवता, मागच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत होता. निजामाच्या जमान्यातले चांदीचे रुपये, चारमिनारचा छाप असलेले, गावोगाव फिरून जमा केलेले. तळहातावरच्या फोडाले कोनी जपत नाई एवढं त्यायले जपे.

नाणं काठानं धराचं, मधात बोट लावाचं नाई. घामाचा डाग बसते म्हने. पुसाचं नाई, घासाचं नाई, चिंच तर दाखवाचीच नाई. एकाचा दुसऱ्याले ओरखडा पडू नये म्हनून हरेकाले कागदाचं येगळं पाकीट. अन् बुटाच्या डब्यात त्या बारक्या पुड्या राह्यतात ना, पांढऱ्या खड्यायच्या, ओल पिनाऱ्या, त्या आदिलाबादच्या चपलीच्या दुकानातून मागून आने अन् पेटीत टाके. मी म्हटलं, "दादा, लोकं दुकानातून चपला आनतात, तू पुड्या आनून राह्यला." तर म्हने, "सोजरे, ओल चांदीले खाते. तुले नाई समजाचं." अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय म्हनू.

द्वारकावयनी त्या पेटीले सवत म्हने. "माह्या सवतीले वाढू का जेवाले?" असं इचारे, अन् दादा लाजे. पन पेटी उघडली का बिचारी दुरूनच पाहे, हात पदराखाली घेऊन. हाताले लसनाचा वास, तेलाचा चिकटा, कशाले लावा म्हने. इतक्या वर्साच्या संसारात तिनं एकाबी नाण्याले बोट लावलं नाई. मले या गोष्टीचा दादावर लय राग होता, अन् तो मी बोलूनबी दाखवला.

मागच्या वैशाखात वयनी तापानं गेली. आमच्यात सवाष्न गेली का मळवट भरतात अन् कपाळावर रुपया लावतात. सुनेनं, प्रतिभानं, गल्ल्यातला रुपया आनून देल्ला. आताचा रुपया तो केवढासा, टिकेच ना, घसरून घसरून गालावर येऊन पडे. बाया एकमेकीकडे पाहत राह्यल्या. दादा उठला, आत गेला, अन् पेटीतला सगळ्यात चांगला रुपया घेऊन आला. अंगठ्यानं दाबून त्यानं तो ओल्या कुंकवात बसवला. मंग अंगठा काढेचना. शेवटी मीच त्याचा हात धरून बाजूले केला.

मसनातून दादा मूठ झाकून घरी आला. मुठीत तोच रुपया, अग्नी द्याच्या आधी कपाळावरून काढलेला. मसनातली वस्तू घरात आनू नये म्हनून म्हाताऱ्या कुरकुर करून राह्यल्या होत्या, त्यायले मी चूप केलं. रुपयावर कुंकवाचा थर होता, अन् त्या थरात वयनीच्या कपाळाच्या आठ्या उमटल्या होत्या. दोन रेघा, साफ दिसत. पोरगं उशिरा घरी आलं का ज्या पडत, त्याच.

तो रुपया दादानं कसा जपला म्हनता. कागद कुंकवाले घासन म्हनून कागद नाई. काचेची डबी आनली, खाली कापूस, कुंकवाची बाजू वर. आजूबाजूनं त्या पुड्या ठासून भरल्या, अन् झाकन लावून टाकलं. मंग वर्सभर उघडली नाई. हवा लागन म्हने. एकदम वर्षश्राद्धालेच पाहीन म्हने, अन् तो दिवस कवा येते याचीच वाट पाहत राह्यला.

त्या दिवशी आमी सारे पेटीच्या खोलीत बसलो होतो. वर पंखा चालू. दादानं हात धुतले, कोरडे केले, डबी उघडली, अन् रुपया काठानं धरून वयनीच्या फोटोपुढं ठेवाले उचलला. उचलला तसं कुंकू सुटलं. भुकटीच झाली होती त्याची. काही खाली पडलं, काही पंख्याच्या वाऱ्यानं उडालं, अन् दादाच्या हातात नुसता चांदीचा रुपया राह्यला, लखलखीत.

"पुड्यायनं पेलं," दादा म्हने. "ओलीनंच धरून होतं सोजरे ते. मीच वाळवलं."

प्रतिभानं धावत जाऊन पंखा बंद केला. तो रुपया दादाच्या हातातून सुटला, कपाटाखाली गेला, त्यानं पाह्यलंबी नाई. दोन्ही तळवे फरशीवर आडवे लावून बसला, काही उडू नये म्हनून. प्रतिभा सासूच्या आठवनीनं रडत सासऱ्याले म्हने, "मामाजी, आत्याबाईचा करंडा तसाच हाय. त्यातलंच लावून देऊ का रुपयाले?"

"कुंकू भेटन पोरी," दादा म्हने, "कपाळ कुठून आनू?"

मले राग आला. पुड्यायचा आला, देवाचा आला, अन् ज्या मानसानं जलमभर फक्त जपनंच केलं त्याच्या हातून हे व्हावं याचा आला. मी भितीले टेकून रडली, अन् दादा मात्र रडला नाई.

परवा मी सासरहून, तामसीवरून, बसनं दादाकडं गेली होती. दारातच प्रतिभानं सांगतलं का तवापासून मामाजी खोलीत झाडू मारू देत नाई, पंखा लावू देत नाई. आत पाह्यलं तर कोपऱ्यायनं जाळे, फरशीवर धुळीचा थर, अन् दादा खाटीवर घामानं निथळून राह्यला. पेटीकडं त्याचं ध्यानच नाई.

म्या उंबऱ्यातूनच म्हटलं, "दादा, ते कुंकू कवाचंच उडून गेलं असन रे."

"मालूम हाय मले," तो म्हने. "पन झाडू नको मारू."