टाकेन तर मीच

आमच्या मागच्या खोलीचं दार आता पुरतं उघडत नाही. आत माझं सामान आहे. तेलाचे रिकामे डबे, फाटकी पोती, धुऊन ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या, कुणालाच न येणारे बूट. सूनबाईला तिथे शिलाई मशीन मांडायचंय. ओट्यावर उन्हात बसून शिवते बिचारी.

"आत्या, हाई घर शे का गोदाम शे?"

"गोदाम शे. तुन्हं काय जास?"

"मन्ही जागा जास ना!"

शेवटी मुलानं मला नंदुरबारला डोक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. भला माणूस. म्हणाला, "आजी, हा आळस नाही. ठेवू की टाकू हे ठरवताना मेंदूचा एक भाग जागा होतो. दुसऱ्याची वस्तू असली तर तुमचा तो भाग गप्प राहतो. स्वतःची टाकायची म्हटली की घरात साप निघाल्यासारखा गलका करतो."

मी हसले. मग म्हटलं, अरे, खरंच की! जन्मभर मी मिरचीच्या पथारीवर, वाळवणाच्या मैदानात, मजुरीला बसले. वाळत घातलेल्या मिरचीतून पांढरी पडलेली फटकी निवडायची अन् फेकायची. हात कधी अडखळला नाही. पण ती मिरची व्यापाऱ्याची. घरात एक पिशवी टाकायची तर तोच हात अडतो.

मुलानं मात्र भलताच अर्थ काढला: आईला जमत नाही, तर दुसऱ्यानंच टाकावं. मला जत्रेच्या निमित्तानं सारंगखेड्याला भाचीकडे धाडायचं आणि मागे भंगारवाला बोलवायचा, असा बेत. सांगितलं कुणी? सूनबाईनंच. "मन्हा मनले पटनं नही," म्हणाली.

मी गेलेच नाही. मुलाला उभं करून सुनावलं, "डोकं मन्हं बिघडेल व्हई, पण मी मरेल नही शे, जित्ती शे! मन्हं सामान मीच काढसू."

दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारात बसले. दुधाची एक पिशवी हातात घेतली आणि डोक्यात तो गलका सुरू. पिशवी हातातच राहिली. समोर बसलेल्या सूनबाईनं हात पुढे केला.

"द्या, मी टाकस."

"हात मांगे ले!"

तिनं हात मागे घेतला. तिथेच बसून राहिली. गलका होत होता, मी होऊ दिला. आणि पिशवी भंगाराच्या पोत्यात टाकली. मी टाकली.

मशीन अजून ओट्यावरच आहे. मी रोज थोडं काढते. ज्याला फार घाई असेल त्यानं माझं डोकं एक दिवस उसनं नेऊन बघावं.