अनसूयाबाईंची स्टेपनी

अनसूयाबाई धारूरकर आमच्या ज्योतीनगरच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. एकट्याच. लग्न का केलं नाही, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. उलट त्याच आपल्याला इतकं काय काय विचारतात की आपला प्रश्न राहूनच जातो. लिफ्टचं वजन कुठं टांगलेलं असतं, दुधाच्या पिशवीवरचा रंग का बदलला, माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यात डॉक्टरांनी नेमकं काय बसवलं. विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलत नाहीत.

त्या टेलिफोन खात्यात होत्या. विशीत नोकरीला लागल्या तेव्हा गावोगावचे ट्रंक कॉल बोर्डावर हातानं जोडावे लागत. कानाला हेडफोन लावायचा आणि वायरची टोकं भोकांत खुपसत राहायचं: सिल्लोड, पिशोर, सोयगाव, फर्दापूर. ऑपरेटर एकमेकांना गावाच्याच नावानं हाक मारत.

"फर्दापूर, बोला."

"औरंगाबाद, जरा थांबा. सायेब जेवायलेत."

फर्दापूरच्या बोर्डावरचा तो आवाज कैक वर्षं त्यांच्या सोबतीला होता. लाइन मोकळी असली की तो लेणी बघायला आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या गमती सांगायचा, घाटात धुकं उतरलं की तेही सांगायचा. त्याचं नाव काय, तो दिसतो कसा, हे मात्र बाईंना कधी कळलं नाही. पुढं एसटीडी आलं, बोर्ड बंद झाला आणि बाई बिलाच्या खिडकीत जाऊन बसल्या. इतकी गावं त्यांनी जोडली, पण त्यातलं एकही पाहिलेलं नव्हतं.

२०२० साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लॉकडाऊन उठल्यावर सत्तावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या आणि बिडकीनच्या नानासाहेब नावाच्या शेतकऱ्याकडून एक छोटी पांढरी गाडी विकत घेतली. नानासाहेबांनी मोठी गाडी घेतली होती. बाईंचा बेत ठरलेला होता: आधी फर्दापूर, मग एकेक करून बाकीची गावं.

गाडी आली त्याच आठवड्यात त्यांनी ती आतून बाहेरून धुतली. डिकीतलं कार्पेट झटकायला उचललं तर खाली फळी, आणि फळीखाली परातीसारखा गोल खड्डा. खड्ड्यात कांद्याची सालं आणि थोडी माती. मी जिन्यातून उतरत होते.

"हा खड्डा कशाला गं?" त्यांनी मला थांबवलं.

"स्टेपनीचा. जादा चाक असतं त्यात. पंक्चर झालं तर लावायचं."

"मग चाक कुठंय?"

मला काय माहीत? त्यांनी लगेच नानासाहेबांना फोन लावला. स्पीकरवर आवाज आला, "स्टेपनी व्हय? हाय की. घरीच हाय. पण ती कामाला लागलीय."

"कामाला म्हणजे?"

"आता फोनवर कसं सांगू? या एकदा, दाखवतो."

दुसरी कुणी असती तर टायरच्या दुकानात गेली असती. पण चाक कामाला कसं लागतं, हे बाईंना पाहायचंच होतं. त्या स्टेपनीशिवायच बिडकीनला गेल्या.

नानासाहेबांच्या शेतातल्या घरासमोर एक हातगाडा उभा होता. लोखंडी पाइप वाकवून दोन दांड्या केलेल्या, वर पत्र्याची पेटी, पेटीत हिरवा घास, आणि खाली मधोमध एकच चाक. ते बाईंच्या गाडीचं होतं. नानासाहेबांची बायको दगडाबाई दांड्या धरून तो गाडा गोठ्याकडं न्यायच्या बेतात होत्या. बाई थेट जमिनीवर बसल्या आणि चाक वेल्डिंगनं कसं बसवलंय ते वाकून बघायला लागल्या.

"चाक घ्यायला आल्या व्हय?" दगडाबाईंनी विचारलं. "मी नाय देणार. आधी डोक्यावर भारा वाहायचे, मान गेली माझी. ह्या चाकानं लई सुख दिलं."

नानासाहेब ओशाळले. "अगं, त्यांच्या गाडीचं हाय ते."

"मग गाडी इकताना तुम्ही ध्यानात ठेवायचं."

"राहू द्या," अनसूयाबाई म्हणाल्या. "मी जरा चालवून बघू?"

त्यांनी गाडा गोठ्यापर्यंत नेला. वळताना तो कलंडला, निम्मा घास खाली गेला आणि दोघी हसत सुटल्या. तिथून ओळख झाली. चहा पिताना बाईंनी जॅकचं विचारलं. नानासाहेब डोकं खाजवत आत गेले. घरातल्या धान्याच्या कोठीचा एक पाय गंजून तुटला होता आणि त्या जागी चौथा पाय म्हणून जॅक उभा होता. त्यांनी कोठीखाली विटा रचल्या आणि जॅक काढून आणला. तेल घातल्यावर फिरू लागला. पाना आणि जॅक फिरवायचा दांडा मात्र कुठं गेला ते कुणालाच आठवेना.

निघताना दगडाबाईंनी विचारलं, "गाडी घेऊन एकट्या कुठं जाणार?"

"फर्दापूरला. तिकडची लेणीही बघेन."

"अजिंठ्याची? मी बी पाह्यली नाय अजून. सारा मुलूख येतो म्हणं बघायला."

"मग चला ना माझ्याबरोबर."

नानासाहेबांनी बायकोकडं पाहिलं. "चाक लावता येतंय का कुणाला तुमच्यात?" त्यांनी विचारलं. "नसंल तर मी येतो सोबत."

"मी शिकून घेते," बाई म्हणाल्या.

परत आल्यावर त्या आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेल्या आणि एक चाक उघडून घेतलं. मेकॅनिकला वाटलं काही आवाज येतोय. बाईंनी वर्तमानपत्राचा कागद त्या जागेवर दाबून धरला आणि पेन्सिलीनं घासत चारी बोल्टांचा आणि मधल्या गोल उंचवट्याचा ठसा उमटवून घेतला. तो कागद घेऊन त्या जुन्या मोंढ्याकडच्या भंगाराच्या दुकानांत रिमा शोधत फिरल्या. पहिल्या दुकानातली रिम चारही भोकांना बरोबर जुळली म्हणून त्या घेऊन निघणार, तर दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी हात आडवा केला.

"नक्को लेव अम्मा, ये नै बैठती. बीच का छेद देखो."

मधलं भोक नखभर लहान होतं. चारी बोल्ट जुळले तरी रिम आत टेकली नसती. मग दोघांनी मिळून ढीग उपसला. चाचा एकेक रिम काढून देत आणि बाई कागद लावून बघत. मिळाली ती ढिगाच्या अगदी तळाशी, चिखलानं भरलेली, पण सरळ. त्यावर टायर मात्र त्यांनी नवाच घातला. घालणाऱ्याला टायरच्या कडेवरचे चार आकडे कशाचे ते विचारलं. कितव्या आठवड्यात आणि कोणत्या साली टायर बनला ते त्यात लिहिलेलं असतं, असं कळल्यावर त्यांनी पार्किंगमधल्या आम्हा सगळ्यांच्या गाड्यांचे टायर वाचून काढले. माझा एक टायर माझ्या मुलाच्या लग्नाआधीचा निघाला!

पाना घेतला, दांडा घेतला. गुलमंडीतून जाड कॅनव्हास आणून स्वतः पिशवी शिवली, म्हणजे ही सगळी सामग्री डिकीत खडखडणार नाही. मग एका रविवारी सकाळी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी पहिल्यांदा चाक बदलायला घेतलं. आम्ही बाल्कनीत.

पहिल्यांदा त्यांनी जॅक लावून गाडी उचलली आणि मग नटाला पाना लावला. नट सैल होण्याऐवजी चाकच फिरायला लागलं. गाडी खाली घेतली. चाक जमिनीवर असतानाच आधी नट सैल करायचे, हे त्यांनी स्वतःशीच मोठ्यानं म्हटलं. पण गॅरेजवाल्यानं नट मशीननं आवळले होते, ते हलेनात. बाई पान्याच्या दांड्यावर दोन्ही पाय ठेवून उभ्या राहिल्या आणि भिंत धरून हलकेच उडी मारली. कुईं असा आवाज झाला.

"सुटला!" त्या खालून ओरडल्या.

मग जॅक मातीत रुतला. गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली चालला. माझ्या मिस्टरांनी जुन्या पलंगाची एक फळी नेऊन दिली. ती जॅकखाली गेली तेव्हा कुठं चाक अधांतरी झालं. दुपारी जेवायच्या वेळेला स्टेपनी लागली होती. त्यानंतर त्यांनी ती काढली, पुन्हा लावली. दुसऱ्या रविवारी पुन्हा. फळीही पिशवीत गेली.

डिसेंबरात दगडाबाई आदल्या दिवशी एसटीनं येऊन राहिल्या आणि सकाळी दोघी निघाल्या. पुढचं मला दोघींकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं, पण मुद्द्याच्या गोष्टी जुळतात.

सिल्लोड गेलं, अजिंठा गाव गेलं, घाट उतरला, आणि फर्दापूर डोळ्यांसमोर दिसत असताना गाडी डावीकडं ओढायला लागली. बाईंनी ती रस्त्याच्या कडेला घेतली. मागचं डावं चाक पार बसलं होतं.

"आता?" दगडाबाईंनी विचारलं.

"आता उतरा आणि चाकामागं लावायला दोन दगड आणा."

"माझंच काम सांगितलं," म्हणत दगडाबाई दगड शोधायला गेल्या. बाईंनी हँडब्रेक ओढला, फळी काढली, नट सैल केले. एक मोटारसायकलवाला थांबला आणि "मावशी, सरका, मी करतो" म्हणाला. बाईंनी त्याला पाण्याची बाटली हातात धरायला दिली. तो बिचारा शेवटपर्यंत ती धरून उभा राहिला. नवं चाक बसवताना ते दोघींनी मिळून उचललं. नट समोरासमोरचे आवळायचे, एकाच बाजूनं नाही, हे बाईंनी सांगितलं आणि शेवटचा नट दगडाबाईंनी आवळला. आवळला म्हणजे असा की नंतर तो सोडवायला दोन माणसं लागली.

काढलेल्या टायरमध्ये काय घुसलंय ते शोधायला दगडाबाई बसल्या. नखानं माती खरवडली आणि म्हणाल्या, "ह्यो बैलाच्या नालेचा खिळा हाय. नाल झिजली, तरी मालकानं बदलली नाय." मग त्या रस्त्यानं गेलेल्या त्या बैलाची त्यांना बराच वेळ काळजी लागून राहिली.

फर्दापुरात शिरल्यावर बाईंनी एका दुकानात विचारलं, "पूर्वी इथं टेलिफोनच्या बोर्डावर कोण बसायचं?" दुकानदारानं कडूबांचं घर दाखवलं. कडूबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सत्तरी ओलांडलेले, बारीक अंगाचे, स्वच्छ दाढी केलेले. अनसूयाबाईंचे हात कोपरापर्यंत काळे होते. त्या पायरीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फर्दापूर, बोला."

कडूबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"औरंगाबाद?"

"हो."

"मला वाटायचं तुम्ही लई उंच असाल," ते म्हणाले. "या, या. वर या."

"आणि मला वाटायचं तुम्हाला मोठ्या मिशा असतील."

"मिशा सांडूला होत्या."

"सांडू कोण?"

"माझा धाकटा भाऊ. सकाळी मी बोर्डावर, दुपारनंतर सांडू. आमचा आवाज सारखाच. घरातली माणसं बी फसायची." कडूबा हसले. बाईंनी त्यांना एका जपानी पाहुण्याच्या गोष्टीची आठवण करून दिली; फोन लागेना म्हणून तो बोर्डासमोर बसून चित्रं काढायचा. कडूबांनी मान हलवली. "ती सांडूनं सांगितली असंल. पाहुण्यांचं सगळं तोच बघायचा. मी आपला धुकं, पाऊस असलं सांगायचो."

बाई ज्याला एक माणूस समजत होत्या ते दोघं होते. त्यातला एक गोष्टी सांगणारा आणि दुसरा हवा सांगणारा. सांडू कुठं राहतात, असं त्यांनी विचारलं.

"चार वर्षं झाली त्याला जाऊन," कडूबा म्हणाले.

कडूबांच्या सुनेनं साबण आणि पाणी आणून दिलं. बाई हात धूत राहिल्या, काळं निघून गेलं तरी धूत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "त्यांचा एखादा फोटो आहे?" फोटो आला. मिशा खरोखर मोठ्या होत्या. बाईंनी तो बराच वेळ हातात धरला आणि कडूबांना म्हणाल्या, "आता सांगा, सांडूभाऊ कसे होते." कडूबा संध्याकाळपर्यंत सांगत होते.

त्या रात्री दोघी तिथंच राहिल्या. टायर पंक्चरवाल्याकडून नीट होऊन आला. दुसऱ्या दिवशी लेणी पाहिली. तिथल्या अंधारात चित्रं काढायला उजेड कुठून आणला असेल, हे दगडाबाईंनी तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं. त्यानं आरशाचं काहीतरी सांगितलं. ते दोघींनाही पटलं नाही आणि त्यावर त्या परत येईपर्यंत वाद घालत होत्या.

बाईंनी दगडाबाईंना थेट बिडकीनपर्यंत सोडायचं ठरवलं. पैठण रस्त्याला लागल्यापासून दगडाबाई बाईंच्या पायांकडं बघत होत्या.

"तीन हायेत ना ती खाली?"

"हो. क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर."

"आन पाय दोनच. मग तुम्ही तिसरं कशानं दाबता?"

पुढं बिडकीनच्या अलीकडं एक मोकळं, सपाट मैदान लागलं, तिथं बाईंनी गाडी आत घेतली, बंद केली, आणि उतरून दगडाबाईंच्या बाजूचं दार उघडलं.

"या," त्या म्हणाल्या. "माझ्या जागेवर बसून बघा."